टाइप-१ मधुमेहाचं लेकरू दवाखान्यातून घरी आल्यावर: इन्सुलिन सांभाळण्यापासून सुई देण्यापर्यंत

दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशी कागदावर इन्सुलिनचा डोस लिहून मिळतो, सकाळी इतकं, संध्याकाळी इतकं. आणि पंधरा दिवसांत तेच लेकरू चारशे-पाचशे साखर घेऊन परत वॉर्डात दिसतं. डोस चुकलेला क्वचितच असतो. बाटली पत्र्याच्या खोलीत भाजून निघालेली असते, सिरिंज भलत्याच मापाची असते, नाहीतर "आज पोरानं काही खाल्लं नाही" म्हणून सुई दिलेलीच नसते.

डोस किती हे डॉक्टर ठरवतील, त्यात आपण हात घालायचा नाही. तो डोस लेकराच्या अंगात नीट पोचेपर्यंत मधे काय काय करावं लागतं आणि कोणत्या क्रमानं, ते खाली दिलं आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून ठेवा. रक्तातली साखर ताब्यात ठेवतं ते इन्सुलिन, आणि टाइप-१ मध्ये शरीर ते स्वतः जवळजवळ बनवतच नाही. त्यामुळे गोळी, काढा, कारल्याचा रस, पथ्य यांपैकी काहीही इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही, आणि ते एक दिवसही पूर्ण बंद ठेवता येत नाही.

## निदान अजून झालं नसेल तर

लेकरू सारखं पाणी पितं, रात्री तीन-चारदा लघवीला उठतं किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, भरपूर खाऊनही वाळत चाललंय, लघवी केली तिथे मुंग्या जमतात. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बोटातल्या थेंबावर साखर तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात ग्लुकोमीटर असतो, आशाताईंना विचारा. अशी लक्षणं असताना कधीही तपासलेली साखर २०० च्या वर आली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात निघायचं. "उद्या उपाशीपोटी तपासू" म्हणत थांबायचं नाही.

आपल्याकडे अशी लेकरं दोन भलत्या वाटांना लागतात. पहिली वाट, वजन घटलं म्हणून कुपोषणाच्या यादीत नाव चढतं, किंवा खोकला नसतानाही टीबीच्या तपासण्या सुरू होतात. दुसरी वाट जास्त वाईट. पोट दुखतं, उलट्या होतात, धाप लागते, म्हणून गावात ग्लुकोजची सलाईन लावली जाते. आधीच साखर पाचशे असलेल्या लेकराच्या शिरेत आणखी साखर जाते.

इशारा: अशक्त, धापा टाकणाऱ्या लेकराला कोणी सलाईन लावत असेल तर आधी म्हणा, "डॉक्टरसाहेब, एकदा शुगर बघून घ्या." एका मिनिटाचं काम आहे.

## टप्पा १: सुट्टी घेण्याआधी वॉर्डातच

नागपूरचं मेडिकल कॉलेज असो, मेयो रुग्णालय असो, सेवाग्राम असो की जिल्ह्याचा दवाखाना, सुट्टीच्या दिवशी घाई असते. एसटी चुकू नये म्हणून माणूस कागद खिशात घालून निघतो. त्या घाईत राहून जाणाऱ्या गोष्टी या:

- इन्सुलिनच्या कमीत कमी दोन बाटल्या, एक वापरायला आणि एक राखीव. एकच असली आणि ती फुटली, तर रात्रीत लेकराला धोका.
- त्याच बाटलीच्या मापाच्या सिरिंज.
- ग्लुकोमीटर, पट्ट्या, बोटाला टोचायच्या सुया. जमल्यास लघवीतलं किटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारं आम्ल) तपासायच्या पट्ट्या.
- डोस मराठीत, ठळक अक्षरात, इन्सुलिनच्या नावासह लिहून. "साखर कमी आली तर काय, ताप आला तर काय" हेही त्याच कागदावर.
- रात्री-अपरात्री विचारता येईल असा वॉर्डाचा फोन नंबर.

तपासणी: सिस्टरला समोर उभं करून तुम्ही स्वतः सुई भरून, टोचून दाखवली का? नुसतं बघितलं असेल तर अजून शिकणं बाकी आहे. आणि घरातलं आणखी एक माणूस शिकायलाच हवं. कापूस वेचणीच्या दिवसांत माय पहाटेच वावरात जाते. मग सुई कोण देणार, आजी की मोठी बहीण? तिलाही वॉर्डात बोलवा.

## टप्पा २: बाटली आणि सिरिंजची जोडी

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. १० मिलीच्या बाटल्या बहुतेक ४० च्या असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनात बसणारी ३ मिलीची नळी बहुतेक १०० ची असते, एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपणाची १०० च्या इन्सुलिनसाठी.

जोडी चुकली तर काय होतं बघा. ४० ची बाटली आहे आणि मेडिकलवाल्यानं केशरी टोपणाची सिरिंज दिली. तुम्ही १० च्या रेघेपर्यंत भरलं, पण अंगात गेले फक्त ४ युनिट. लेकराची साखर चढत जाते आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० पर्यंत भरलं, तर २५ युनिट जातात. त्यात लेकरू दगावू शकतं.

म्हणून मेडिकलवर "इन्सुलिनची सुई द्या" एवढंच म्हणू नका. रिकामी बाटली सोबत न्या, तिच्यावरचा ४० किंवा १०० चा आकडा आणि सिरिंजच्या पाकिटावरचा आकडा दुकानातच शेजारी धरून बघा. वाचता येत नसेल तर टोपणाचा रंग बघा, आणि दुकानदाराला दोन्ही आकडे मोठ्यानं वाचायला लावा. लसीकरणाची किंवा साधी एक मिलीची सिरिंज इन्सुलिनसाठी कधीच नाही, तिच्यावर युनिटच्या रेघा नसतात. पेनाच्या नळीतून सिरिंजनं इन्सुलिन ओढायचंही नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. सिरिंजवरची एक बारकी रेघ म्हणजे किती युनिट, हे प्रत्येक नवीन पाकिटाच्या वेळी मोजा. काही सिरिंजवर एक रेघ एका युनिटची असते, काहींवर दोनची.

## टप्पा ३: मे महिन्यात इन्सुलिन थंड ठेवणं

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात किंवा दारात. वापरात असलेली बाटली ३० अंशांखाली ठेवली तर साधारण चार आठवडे चालते. आता चंद्रपूर, अकोला, नागपूरकडचा मे आठवा. बाहेर ४५ च्या वर, पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त. भाजलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, पण त्याची ताकद गेलेली असते. उन्हाळ्यात "डोस तोच, साखर मात्र चढते" असं झालं की पहिला संशय बाटलीवर घ्या.

घरी फ्रिज नसेल तर माठ-वाळूची सोय करा:

१. एक मोठं, न रंगवलेलं मातीचं मडकं घ्या. रंग किंवा चकाकी दिलेलं नको, त्यातून पाणी पाझरत नाही.
२. तळाशी चार बोटं वाळू घालून त्यावर लहान मडकं ठेवा, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत वाळू भरा.
३. वाळू पाण्यानं भिजवा. सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहा, वाळू कोरडी पडली की थंडावा संपला.
४. बाटली झाकणाच्या प्लास्टिक डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा. लेबल भिजून नाव-तारीख पुसली गेली तर मोठी पंचाईत होते.
५. वरून ओलं सुती फडकं टाका.
६. मडकं सावलीत पण वारा लागेल अशा जागी ठेवा. बंद कपाटात किंवा चुलीशेजारी ठेवलं तर उपयोग शून्य.

तपासणी: इन्सुलिन ठेवण्याआधी एक साधा खोलीचा थर्मामीटर आतल्या मडक्यात दिवसभर ठेवा आणि दुपारी तीनला बघा. ३० च्या खाली असेल तर ठीक. कोरड्या उन्हाळ्यात ही सोय छान चालते, कारण पाणी भराभर उडतं. पावसाळ्यात दमट हवेत मडकं तेवढं गार होत नाही, पण तेव्हा बाहेरचा पाराही उतरलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र पुन्हा एकदा थर्मामीटर लावून बघा. कूलरसमोर बाटली ठेवणारे बरेच आहेत. लाइन गेली की कूलर बंद, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

राखीव बाटली किराणा दुकानदाराच्या किंवा मास्तरांच्या फ्रिजमध्ये ठेवता येते. डबीवर लेकराचं नाव आणि "बर्फात ठेवू नये" असं लिहा. जुन्या लहान फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकलेली वस्तू गोठते. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचंच.

प्रवासात बाटली मोटारसायकलच्या डिकीत नको, एसटीत इंजिनाजवळ नको, बर्फाला थेट चिकटून तर नकोच. ओल्या फडक्यात गुंडाळून, कापडी पिशवीत, अंगाजवळ ठेवा. बाटली विकत घेताना दुकानदारानं ती फ्रिजमधूनच काढली का, हेही बघा. फळीवरून काढून देत असेल तर दुसरं दुकान गाठा.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख लेबलवर पेनानं लिहा. ४० च्या १० मिली बाटलीत ४०० युनिट असतात. लेकराला दिवसाला १६ युनिट लागत असतील तर ती २५ दिवस जाते. पाव बाटली उरली की पुढची आणायला निघायचं, पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्ट्या धरून.

## टप्पा ४: सुईच्या आधी साखर बघणं

आधी लेकराचे हात साबणानं धुऊन पुसा. गूळ, आंबा किंवा संत्र्याचा रस बोटाला राहिला तर साखर खोटी जास्त दिसते. त्यावर जास्त इन्सुलिन दिलं गेलं की मग खरी साखर खाली कोसळते. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. रोज बोट बदला. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करा आणि तीही उन्हापासून वाचवा. मीटर तापलेलं असेल तर आकड्याऐवजी चूक दाखवतं, दहा मिनिटं सावलीत ठेवून पुन्हा तपासा.

आलेला आकडा वहीत लिहा, सोबत वेळ, दिलेले युनिट, काय खाल्लं तेही. पट्ट्या महाग आहेत, दिवसातून चारदा तपासणं सगळ्यांना परवडत नाही, हे मान्य. मग निदान सकाळची उपाशीपोटी आणि संध्याकाळच्या सुईआधीची चुकवू नका, आणि मधूनमधून एखाद्या रात्री दोन-तीन वाजता तपासा.

इशारा: साखर ७० च्या खाली असेल तर आधी टप्पा ७ वाचा, सुईचं मग बघू.

## टप्पा ५: सिरिंज भरणं

सरकारी पुरवठ्यात साधारण तीन प्रकार हाती येतात. साधं म्हणजे रेग्युलर, पाण्यासारखं स्वच्छ. लांब पल्ल्याचं एनपीएच, दुधाळ. आणि दोन्ही आधीच मिसळलेलं ३०/७०, तेही दुधाळ. काहींना ग्लार्जिन मिळतं. ते लांब पल्ल्याचं असूनही स्वच्छ दिसतं. घरात रेग्युलर आणि ग्लार्जिन दोन्ही असतील तर रंगावरून ओळखता येणार नाही. एका बाटलीला लाल दोरा बांधून ठेवा. ग्लार्जिन कशातही मिसळायचं नाही, त्याची सुई वेगळी.

रेग्युलर आणि एनपीएच एकाच सिरिंजमध्ये द्यायला सांगितलं असेल तर क्रम असा:

१. बाटली उजेडात धरा. रेग्युलर गढूळ झालं असेल, किंवा दुधाळ इन्सुलिन हलवूनही गुठळ्या राहत असतील, काचेला पांढरा थर चिकटला असेल, तर ती बाटली बाद.
२. दुधाळ बाटली दोन तळहातांत पंधरा-वीस वेळा हळू फिरवा. खुळखुळवू नका, फेस होतो आणि माप चुकतं.
३. दुधाळचा जितका डोस तितकी हवा सिरिंजमध्ये घेऊन दुधाळ बाटलीत सोडा. इन्सुलिन न ओढता सुई बाहेर काढा.
४. स्वच्छच्या डोसाइतकी हवा स्वच्छ बाटलीत सोडा. बाटली उलटी करून स्वच्छ इन्सुलिन ओढा. बुडबुडे असतील तर टिचकी मारून वर आणा, परत ढकला, पुन्हा माप बघा.
५. आता दुधाळ बाटलीतून ओढा, दोन्हींची बेरीज होईल त्या रेघेपर्यंत. समजा स्वच्छ ४ आणि दुधाळ ८, तर थांबायचं १२ वर.

पाचव्या पायरीत जास्त ओढलं गेलं तर परत बाटलीत ढकलायचं नाही. सगळं फेकून पहिल्यापासून. दोन युनिट वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण दुधाळ बाटलीत स्वच्छ मिसळलं तर अख्खी बाटली जाते.

३०/७० असेल तर फक्त फिरवायचं, हवा सोडायची आणि ओढायचं. पेन असेल तर दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब येतो का बघा.

## टप्पा ६: सुई टोचणं आणि मग जेवण

रेग्युलर आणि ३०/७० जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायचं. इथे क्रम महत्त्वाचा आहे. स्वयंपाक झाला का, ताट समोर येणार आहे का, हे बघूनच सुई. "सुई देऊन ठेवली, पण गॅस संपला, भाकर व्हायला तास लागला" असं कितीदा होतं. जलद काम करणारं नवं इन्सुलिन असेल तर ते जेवायला बसतानाच दिलं जातं, म्हणून आपलं कोणतं हे कागदावर लिहून घ्या.

जागा चार आहेत: पोट (बेंबीपासून दोन बोटं लांब), मांड्यांचा पुढचा-बाहेरचा भाग, ढुंगणाचा वरचा बाहेरचा भाग, दंडाचा मागचा भाग. चिमटीत कातडी उचला, सुई थोडी तिरपी घाला, दांडा पूर्ण दाबा, मनात दहा मोजा, मग काढा. पेनाची ४ मिलीमीटरची सुई असेल तर सरळ घातली तरी चालते. चोळू नका. स्पिरिट लावलंच तर वाळू द्या.

रोज त्याच जागी टोचणं ही लेकरांची आवडती चूक आहे, कारण तिथे दुखत नाही. दुखत नाही, कारण तिथली चरबी सुजून कातडी बधिर झालेली असते. आठवीतल्या एका मुलीच्या दोन्ही मांड्यांवर लिंबाएवढ्या गाठी होत्या. डोस वाढवत वाढवत ठेवला तरी साखर हलत नव्हती. जागा बदलली तेव्हा तोच डोस इतका लागू पडला की कमी करावा लागला. म्हणून दर महिन्याला हात फिरवून गाठी बघा. गाठीत टोचायचं बंद करताना डॉक्टरांना आधी सांगा, साखर एकदम खाली येऊ शकते.

सुई एकदाच वापरायची, हा नियम. पैशांमुळे दोन-तीनदा वापरावी लागली तर निदान ती दुसऱ्या कोणाला कधीच नाही, आणि बोथट, वाकलेली तर मुळीच नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून आरोग्य केंद्रात द्या. उकिरड्यावर टाकलेली सुई जनावराच्या नाहीतर पोरांच्या पायात जाते.

इशारा, आणि हा मोठा आहे: इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बऱ्याच लेकरांची गरज अचानक कमी होते, डोस अगदी थोड्या युनिटांवर येतो. डॉक्टर याला हनिमूनचा काळ म्हणतात. नेमकं याच वेळी कोणीतरी जडीबुटी दिलेली असते, आणि सगळं श्रेय तिला जातं. "पोरगं बरं झालं" म्हणून सुई बंद होते. हा काळ काही महिन्यांत संपतो. लेकरू मग बेशुद्ध होऊनच दवाखान्यात येतं. डोस कमी झाला तरी सुई चालूच ठेवा.

## टप्पा ७: साखर उतरली तर

गार घाम, थरथर, एकदम भूक, चिडचिड, पांढरं पडणं, विचित्र बोलणं, शेवटी झटका. गावात याला कोणी मिरगी म्हणतं, कोणी अंगात आलं म्हणतं. इन्सुलिन घेणारं लेकरू असं वागलं तर आधी साखर. मीटर हाताशी नसेल तर शोधत बसू नका, साखर उतरलीय असंच धरून चाला.

१. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साखर किंवा ग्लुकोजची पावडर पाण्यात घोळून लगेच द्या. लेकरू १५ किलोच्या आसपास असेल तर १ लहान चमचा, ३० किलोला २, ५० किलोला ३.
२. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर.
३. सावरलं की पोळी, भाकर, दूध, जे असेल ते थोडं खायला द्या.

बिस्किट, चॉकलेट, लाडू यांतल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, म्हणून ते पहिल्या फेरीत नको.

बेशुद्ध असेल किंवा झटका आला असेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा. घरात ग्लुकॅगॉनचं (साखर चढवणारं) इंजेक्शन असेल तर वॉर्डात शिकवल्याप्रमाणे द्या. नसेल तर चमचाभर साखर एक-दोन थेंब पाण्यानं ओलसर करून जिभेखाली ठेवा आणि निघा.

शुद्धीवर आल्यावर कारण शोधा. जेवण लांबलं? खूप खेळलं? वावरात काम केलं? ज्या दिवशी धावपळ जास्त झाली त्या रात्री झोपेत साखर उतरते, म्हणून झोपण्याआधी तपासून थोडं खायला द्या. पुढची सुई भीतीपोटी टाळायची नाही. डोस कमी करायचा का, ते फोन करून विचारा.

## टप्पा ८: ताप, उलटी, जुलाब

खाल्लं नाही म्हणून सुई नाही, हा हिशोब मोठ्या माणसांच्या गोळ्यांवरून आलेला आहे. लेकराच्या बाबतीत तो जीव घेतो. तापात शरीराला उलट जास्त इन्सुलिन लागतं. डोस किती कमी-जास्त करायचा ते फोनवर विचारा, पण शून्य कधीच नाही.

- साखर दर तीन-चार तासांनी तपासा, रात्रीसुद्धा.
- २५० च्या वर असेल तर लघवीत किटोन बघा. पट्टी जांभळी पडली तर काळजीचं.
- घोट घोट पाणी, ओआरएस, मीठ घातलेलं पातळ ताक देत राहा. साखर कमी असेल आणि जेवण जात नसेल तर साखरेचं पाणी द्या.

ताबडतोब दवाखाना: उलट्या थांबत नाहीत, पोटात काहीच राहत नाही, खोल आणि जोरजोरात श्वास चालू आहे, तोंडाला सडक्या फळासारखा वास येतो, लेकरू गुंगीत आहे, किटोन जास्त आहेत. यातलं एकही पुरे. मांत्रिकाकडे, भगताकडे एक चक्कर मारून मग जाऊ, इतका वेळ यात नसतो. पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य हेच बोला, "याला टाइप-१ मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे."

## टप्पा ९: खाणं, शाळा, सण

पथ्याच्या नावानं लेकराला उपाशी मारू नका, त्याला वाढायचं आहे. वरण, भाजी, पोळी, भाकर, अंडं, सगळं चालतं. ठरलेल्या वेळी आणि रोज साधारण तेवढंच. ज्वारीच्या भाकरीनं साखर वाढत नाही हा गैरसमज आहे, वाढते. भाकरी मोजून खायची. उपास लेकरानं करायचे नाहीत.

शाळेत मास्तरांना एक कागद द्या: आजार काय, साखर उतरली की कशी ओळखायची, काय द्यायचं. दप्तरात ग्लुकोजची पुडी कायम. लघवीला जायची परवानगी मागावी लागू नये. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की सुईची आणि जेवणाची वेळ दोन्ही सरकतात, बदल कसा करायचा ते आधीच विचारून ठेवा. पुन्हा जूनअखेरीस शाळा उघडताना तेच. आश्रमशाळेत ठेवणार असाल तर अधीक्षकांशी स्वतः बोला. इन्सुलिन कुठे राहील, सुई कोण देईल, रात्री लेकराजवळ कोण झोपेल, याची उत्तरं मिळाल्याशिवाय ठेवू नका.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरतात आणि खाऊ गोळा करतात. फिरू द्या की. खाऊ घरी आणायचा आणि जेवणासोबत थोडा खायचा, एवढाच करार करा. लग्नात मात्र घरूनच खाऊन निघा किंवा पंगत समोर बसल्यावर सुई द्या. वऱ्हाडाची पंगत कधी बसेल हे नवरदेवाच्या बापालाही ठाऊक नसतं.

दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडणाऱ्या मेळघाटातल्या घरांनी होळीपर्यंतचा पुरवठा कुठून घ्यायचा हे निघण्याआधी ठरवावं, आणि दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स सोबत ठेवावी.

## टप्पा १०: दर तीन महिन्यांची भेट

उंची आणि वजन दर भेटीत मोजून घ्या. उंची थांबली असेल तर साखर ताब्यात नाही किंवा थायरॉइडसारखं दुसरं काही आहे, अशी शंका घ्यायला जागा असते. टाइप-१ च्या लेकरांत थायरॉइडचा आजार जास्त आढळतो, म्हणून त्याची तपासणी सुरुवातीला आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी. डोळे आणि लघवीतलं प्रथिन कधीपासून तपासायचं ते डॉक्टर सांगतील, साधारण वयात येताना सुरू होतं.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए-वन-सी ही तपासणी होईल. तिथे विदर्भातल्या आईबापांनी एक गोष्ट आवर्जून सांगायची. घरात कोणाला सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे का, लेकराची तपासणी झाली आहे का? सिकलसेल असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो. साखर जास्त असूनही रिपोर्ट चांगला दिसतो. रक्त कमी असेल तरीही आकड्यात गडबड होते. अशा लेकरांच्या बाबतीत घरच्या वहीतले आकडेच जास्त खरे.

म्हणून भेटीला जाताना पिशवीत वही, ग्लुकोमीटर, वापरात असलेली बाटली, एक सिरिंज, सिकलसेलचं कार्ड आणि मागचे कागद एवढं असू द्या. सोबत सुई देणारं माणूस न्या. बाप रांगेत उभा आणि सुई देणारी आजी घरी, असं असेल तर डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. आणि परतीच्या प्रवासासाठी सुईची आणि जेवणाची वेळ धरून डबा बांधा. ओपीडीत दुपार होतेच.